मळीची गोष्ट आणि एक राहून गेलेली सहल



गेल्या महिन्यात संगमनेरला एका लग्नाला गेले होते. (लग्नाचे फोटो सगळ्यांना पोचलेले आहेत, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.) जेवायला ताटली हातात घेतली तर ती पांढुरकी, जराशी खरखरीत. वाढणारा मुलगा म्हणाला, "आजी, थर्माकोल नाही ही. उसाच्या बगॅसची आहे." मी तिथेच उभी राहून ताटली उलटीसुलटी करून बघायला लागले. मागे रांग खोळंबली. शेवटी सूनबाईंनी हाताला धरून पुढे नेलं.

माझ्या स्वतःच्या लग्नात, म्हणजे १९७३ साली, पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत्या. मुलीच्या लग्नात थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि आम्हाला त्याचं कोण कौतुक! २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली आणि आता ही उसाची ताटली. सगळे म्हणत होते, काय नवीन नवीन निघतंय बघा. मीही मान डोलावली. पण घरी आल्यावर चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली आणि झोप लागेना. ती आज लिहून टाकते.

तेव्हा मी उसाच्या पट्ट्यातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. नववीची सहल ठरत होती. आमच्या एका तरुण सरांनी सुचवलं की साखर कारखाना तर मुलं रोजच बघतात, त्याच्या शेजारची डिस्टिलरी आणि रसायनांचा विभाग दाखवू. मी ताडकन नाही म्हणाले. दारूच्या भट्टीत शाळेची सहल न्यायची?

माझं हे म्हणणं उगाच नव्हतं. पगाराच्या दिवशी नवऱ्याला गाठायला गेटवर उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. वर्गात डबा न आणणाऱ्या मुलांची घरं मला माहीत होती. पण तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तिथे दारू नाही करत. माझे वडील तिथे आहेत. ते म्हणतात रंगाचं आणि औषधाचं सामान होतं." मी त्याला म्हणाले, "मळीची काय होते ते मला शिकवू नकोस. खाली बस." तो खाली बसला. सहल देवगडला आणि शिंगणापूरला गेली.

तो मुलगा बरोबर होता, हे मला कळायला २०२४ साल उजाडावं लागलं.

झालं असं की त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, एकाच आठवड्यात, दोन बातम्या आल्या. पहिली, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत रसायनं करणाऱ्या गोदावरी बायोरिफायनरीज या कंपनीचे शेअर लोकांसाठी खुले झाले. माझा भाचा केमिकल इंजिनिअर आहे, त्याने विचारलं, "मावशी, तुमच्या भागातली कंपनी, काही माहिती आहे का?" दुसरी बातमी सर्वोच्च न्यायालयाची. कारखान्यात वापरायचं अल्कोहोल हे "मादक मद्य" धरायचं की नाही, यावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला होता. मी चाटच पडले. ज्या प्रश्नावर मी एका पोराला खाली बसवलं, तोच प्रश्न देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात! मग भाच्याला फोनवर फोन करून पिडलं, जुनी पुस्तकं काढली, आणि थोडं थोडं समजायला लागलं. माझं बी.ए. मराठी-इतिहासाचं. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरताच. तेव्हा जे मला कळलं तेच माझ्या भाषेत सांगते.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. आपला जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं) मुळात दुष्काळी. इंग्रजांनी दुष्काळावर उपाय म्हणून कालवे काढले. गोदावरीच्या कालव्यांसाठी दारणा धरण १९१६ साली झालं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरं झालं. ज्वारी-बाजरी जगवायला आणलेलं हे पाणी उसाकडे वळलं आणि उसामागून कारखाने आले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, १९३३ साली महादेव डहाणूकरांनी सुरू केलेली महाराष्ट्र शुगर मिल्स, जिच्यामुळे टिळकनगर वसलं, आणि १९३९ साली स्थापन झालेली करमशीभाई सोमैयांची गोदावरी शुगर मिल्स. करमशीभाईंचा जन्मही १९०२ साली आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. दौंड-मनमाड रेल्वेवर कान्हेगाव स्टेशन आहे, तिथून जवळ वारी गावाला लागून साकरवाडी. पुढे १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. तो इतिहास मी वर्गात दरवर्षी शिकवला. भाषणं बसवली, निबंध लिहून घेतले. पण साखर निघाल्यावर मागे जे उरतं त्याचं काय होतं, ते मी कधी शिकवलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

एक टन ऊस गाळला की साधारण १०० किलो साखर मिळते. त्यापेक्षा कितीतरी जास्त, २८० ते ३०० किलो, ओला चोथा निघतो. तोच बगॅस. तो बॉयलरमध्ये जाळतात, त्याचा कागद करतात आणि आता ताटल्याही. शिवाय ४० ते ४५ किलो काळी, दाट, काकवीसारखी मळी उरते. (शेतात खत म्हणून टाकतात ती प्रेसमडची मळी वेगळी बरं का. इथे मोलॅसिसबद्दल बोलतेय.) या मळीतून आणखी साखर काढणं परवडत नाही, पण तिच्यात अजून जवळजवळ निम्मी साखरच असते. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं, कारखाने भराभर वाढले आणि या मळीचं करायचं काय, हीच डोकेदुखी होऊन बसली.

मळीत पाणी घालून यीस्ट सोडलं की दीड-दोन दिवसांत तिचं अल्कोहोल होतं. एका टनाचं साधारण २२० ते २५० लिटर. इथपर्यंत मला माहीत होतं. माझी गाडी इथेच थांबली होती. भाच्याने पुढचं सांगितलं. अल्कोहोल म्हणजे एक सुटा मणी आहे म्हणे, त्याच्या कितीतरी माळा होतात. त्यातला हायड्रोजन काढला की ॲसिटाल्डिहाइड होतं. त्याला हवेतला ऑक्सिजन दिला की ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधला आंबटपणा. ते ॲसिड पुन्हा अल्कोहोलशी जोडलं की इथाइल ॲसिटेट. रंगात, छपाईच्या शाईत, नखांच्या पॉलिशमध्ये ते लागतं. आणि अल्कोहोलमधलं पाणी काढून टाकलं की इथिलीन वायू मिळतो. पॉलिथीनची पिशवी याच इथिलीनची. खनिज तेलापासून निघालेलं इथिलीन आणि मळीपासूनचं इथिलीन यांत काडीचाही फरक नाही.

मी विचारलं, "म्हणजे प्लास्टिक उसापासून होतं?" तो म्हणाला, "मावशी, आपल्या देशातलं सुरुवातीचं बरंचसं प्लास्टिक तसंच झालं."

हे खरं आहे. १९५७ साली मुंबईत चेंबूरला पॉलिकेम कंपनीने पॉलिस्टायरीन करायला सुरुवात केली. त्यातला इथिलीनचा भाग अल्कोहोलपासून यायचा. १९५९ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे पॉलिथीन होऊ लागलं, तेही अल्कोहोलपासून. १९६३ साली बरेलीला सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीने अल्कोहोलपासून कृत्रिम रबर काढलं. आणि गंमत ऐका, थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. ज्या वस्तूला आपण पेट्रोलची म्हणून नावं ठेवली, तिच्या घराण्याचं आपल्या देशातलं मूळ अर्धंमुर्धं मळीत आहे.

त्याच्याही मागे गेलं तर जगातलं पहिलं चाललेलं प्लास्टिक, सेल्युलॉइड, १८७० च्या सुमाराला अमेरिकेत निघालं ते कापसाचा तंतू आणि कापूर यांपासून. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" काढला तेव्हा सिनेमाच्या फिती असल्या कापसाच्याच असत. म्हणजे झाडांपासून "नवीन" वस्तू करणं ही जुनीच विद्या. तेल स्वस्त होतं तेवढी वर्षं आपण ती बाजूला ठेवली.

कशी बाजूला पडली, तेही बघण्यासारखं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-ठाण्याकडे नाफ्थ्यापासून इथिलीन काढणारे मोठे कारखाने आले. नाफ्था म्हणजे खनिज तेलातला एक हलका भाग. तेल मुबलक होतं आणि एका ठिकाणी हवं तेवढं माल देत होतं. मळीचं तसं नव्हतं. ऊस चांगला झाला तर मळीचा पूर, दुष्काळ पडला की टाक्या कोरड्या. १९७३ साली तेलाचे भाव जवळपास चौपट झाले तेव्हा लोकांना पुन्हा अल्कोहोल आठवलं. मळीचे आणि अल्कोहोलचे भाव सरकार बांधून देत असे, त्यामुळे ते स्वस्तही पडे. १९९३ साली ते नियंत्रण उठलं. त्याच सुमाराला बाहेरचा माल येणं सोपं झालं. मग इथिलीनसारख्या मोठ्या मालात मळीचा टिकाव लागेना. पण ॲसिटिक ॲसिड, इथाइल ॲसिटेट अशा मालात काही जण तग धरून राहिले. साकरवाडी त्यातली. त्या कंपनीची साखर आणि इथेनॉल आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या समीरवाडीला होतं आणि साकरवाडीत रसायनं होतात. साखरेच्या नावाने वसलेल्या वाडीत आज रंगाच्या, शाईच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कामी येणारा माल तयार होतो, आणि त्याची ओळख हीच की तो तेलापासून नाही, उसापासून आहे.

आता त्या न्यायालयाच्या गोष्टीकडे येते, कारण माझा जीव त्यात अडकलेला आहे.

आपल्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. डिस्टिलरीवर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा, कुलपं, थेंबाथेंबाचा हिशोब. कारखान्याला द्यायच्या अल्कोहोलमध्ये कोणी पिऊ नये म्हणून काहीतरी वाईट चवीचं मिसळायचं. आमच्या आईचा स्टोव्ह पेटवायला जे स्पिरिट लागे ते असंच होतं. (बघा, रोज सकाळी ते घरात वापरत होतो आणि त्याची मळीशी सांगड मी कधी घातली नाही!) राज्यघटनेने "मादक मद्य" राज्यांच्या हाती दिलं. मग राज्यं म्हणू लागली, सगळंच अल्कोहोल आमचं, त्यावर आम्ही कर लावणार. कारखानदार म्हणत, आमचं हे पिण्याचं नाहीच. बरेलीची ती रबराची कंपनी हे भांडण घेऊन गेली आणि १९८९ साली सात न्यायमूर्तींनी निकाल दिला की मद्य म्हणजे पिण्यासारखं तेवढंच, कारखान्याच्या अल्कोहोलवर राज्यांना असा कर लावता येणार नाही. पस्तीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर २०२४ रोजी, नऊ जणांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो निकाल फिरवला. दारू म्हणून ज्याचा गैरवापर होऊ शकतो असं कारखान्याचं अल्कोहोलही "मादक मद्य" या शब्दात येतं आणि त्यावर राज्यांचा अधिकार आहे, असं ठरलं.

विषारी दारूने माणसं मरतात ती पुष्कळदा अशाच कारखान्याच्या मालाने, हे विसरून चालणार नाही. म्हणून पहारा हवा हे मला आजही पटतं. माझी त्या दिवशीची भीतीही खोटी नव्हती. चूक एवढीच झाली की भीतीपोटी मी मुलांना बघूच दिलं नाही. वस्तू तीच असते. तिला दारू म्हटलं की पहारा बसतो. इंधन म्हटलं की सरकार पायघड्या घालतं. आणि कच्चा माल म्हटलं की कोणाचं लक्षच जात नाही.

इंधनाचंच बघा ना. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदा १९४८ साली झाला होता, पण खरा प्रयोग झाला २००१ साली, तोही आपल्या शेजारी मनमाडला, आणि मिरजेला. २००३ साली आपल्यासकट काही राज्यांत ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली. २०२५ साली देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. आता अल्कोहोलला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण २०२३ साली पाऊस कमी झाला आणि डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकदम मनाई केली, मग काही दिवसांनी ती सैल केली. कारण खायला साखर पुरली पाहिजे. आता देशातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि तांदळापासून होतंय. इंधनासाठी बाहेरचं इथेनॉल चालत नाही, पण रसायनवाले ते अमेरिकेतून मागवतात. मळीच्या गावी बाहेरचं अल्कोहोल! आमची आई म्हणायची तसं, दिव्याखाली अंधार.

यापुढची पायरीही जवळच पडतेय. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ सालीच जेजुरीला एक प्रायोगिक कारखाना सुरू केला, साखरेपासून लॅक्टिक ॲसिड (दह्यातलं ते) आणि त्यापासून प्लास्टिक करून दाखवायला. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथीन मोठ्या प्रमाणावर होतं. पण भाच्याने बजावलं, "मावशी, उसाचं झालं म्हणून ते कुजतंच असं समजू नकोस." ब्राझीलची पिशवी तेलाच्या पिशवीसारखीच वर्षानुवर्षं पडून राहते. दह्याच्या ॲसिडचं प्लास्टिक कुजतं, पण त्याला चांगली गरम खतभट्टी लागते, आपल्या उकिरड्यावर ते लवकर जात नाही. माझी ती लग्नातली ताटली मात्र मी परसातल्या खड्ड्यात पुरून ठेवली आहे. महिनाभराने उकरून बघणार आहे. सूनबाईंना वाटतं म्हातारीला वेड लागलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. माझ्या माहेराकडे एक ओढा होता. लहानपणी त्यात आम्ही पोहलो. पुढे वरच्या अंगाला एक डिस्टिलरी झाली (नाव घेत नाही) आणि ओढ्याचं पाणी चहासारखं झालं. मग आमच्या विहिरीचंही. एक लिटर अल्कोहोल केलं की आठ ते पंधरा लिटर तसलं तपकिरी पाणी मागे उरतं. आता ते बाहेर सोडायचं नाही, आटवून जाळायचं किंवा त्याचा गॅस नि खत करायचं, असे कडक नियम आहेत. तेव्हा नव्हते, किंवा असतील तर आमच्या ओढ्यापर्यंत पोचले नव्हते. माझ्या वडिलांनी ती विहीर शेवटी बुजवली.

आणि वरचं पाणी? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी जातं. मळी तर उरलेलीच असते, चोथाही उरलेलाच. त्यांचं सोनं केलं तर कोणाचं काही जात नाही. पण त्या सोन्यासाठी आणखी ऊस लावायचा म्हटलं की पाणी कोणाचं, हा प्रश्न येतो. आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं पाण्याअभावी घरदार सोडून ऊस तोडायला जातात, तीही कालव्याच्या पट्ट्यात. त्यांच्या मुलांच्या हजेरीत चार-चार महिने गैरहजेरीच्या रेघा मारल्या आहेत मी. म्हणून मला वाटतं, जे उरतं त्याचं आधी करा. फडात जाळतात ते पाचट आहे, कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत. असल्या काडीकचऱ्यापासूनही अल्कोहोल करता येतं. ते महाग पडतं आणि अवघड आहे, असं भाचा म्हणतो. अवघड असेल. पण १९५७ साली चेंबूरलाही सोपं नसणार.

असो. फार लांबलं. शिक्षकी सवय, तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

त्या मुलाचं नाव मला आठवतं, पण इथे लिहीत नाही. तो पन्नाशी ओलांडून गेला असेल. वडिलांच्या कामाबद्दल तो वर्गात उभा राहून अभिमानाने काही सांगत होता आणि बाईंनी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. आपल्या वडिलांची लाज वाटावी असं काही नसताना ती मी त्याला दिली. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बॅचचं असेल तर त्याच्यापर्यंत एवढं पोचवा, की बाई म्हणाल्या, तू बरोबर होतास.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा, वडील, काका अशा कारखान्यांत होते, त्यांनी ते तिथे नक्की काय बनवत होते ते विचारून ठेवा. जमलं तर मला कळवा. ताटलीचं काय झालं ते पुढच्या वेळी सांगते.